भेकर आणि सातवा प्रश्न

‘नाही’ लिही. अरे उल्हास, त्यात एवढा विचार काय करायचाय? सातवा प्रश्न — अर्जदाराच्या तब्येतीत किंवा वागण्यात अलीकडे काही बदल जाणवला आहे का — नाही. पुढे सरक. पाच वर्षांपूर्वी हेच टेबल होतं, हीच खुर्ची होती, आणि तू खटकन ‘नो’ टाइप करून मोकळा झाला होतास. आणि आज माझ्या बंदुकीच्या परवान्यासाठी पोलिसांचा ईमेल आला तर लॅपटॉप काखोटीला मारून माझ्या दारात — काका, फॉर्म पाठवायच्या आधी म्हटलं तुमच्याशी बोलावं! रेफरीनं, हमी देणाऱ्यानं, अर्जदाराशी असं बोलायचं असतं का रे? नसावं. पण आता आलाच आहेस तर चहा घे. — हे घे, सांडला. कप काठोकाठ भरला मी, दुसरं काय. उठू नकोस, बस. मग पुसतो. एलिशेबा यायच्या आत पुसला म्हणजे झालं. ती गेलीय वेम्बलीला, ईलिंग रोडवर, मेथी आणि नारळ आणायला — म्हणजे अडीच तास, आणि मेट्रोपॉलिटन लाइनची ट्रेन रुसली तर तीन. तोवर आपण दोघं आणि हा सातवा प्रश्न.

गंमत बघ मात्र. पुण्याचा माणूस, सात पिढ्यांत कुणी अंडं फोडलं नसेल, आणि तो एका अलिबागकडच्या ज्यू म्हाताऱ्याच्या बंदुकीसाठी चांगल्या चारित्र्याची हमी देतो! गेल्या वेळी फॉर्म भरून झाल्यावर तू बायकोला, नीनाला, काय सांगितलंस ते मला माहितीये. तिनंच सांगितलं एलिशेबाला — म्हणे ‘गिडियनकाका झाडं वाचवायला जातात’. खोटं नाही ते. पण झाडं वाचवायला कुणी पहाटे चारला उठून मचाणावर रायफल घेऊन बसत नाही असं नीनाला वाटलं असेल, आणि तिचंही खोटं नाही.

माझं सगळं आयुष्यच असं, अर्धं खरं. चाळीस वर्षं मी डेंटल लॅबमध्ये कवळ्या केल्या. अर्ध्या वॉटफर्डच्या तोंडात माझं काम आहे, आणि वॉटफर्डला पत्ता नाही. हायस्ट्रीटवर एखादी म्हातारी माझ्याकडे बघून हसली की मी तिचा चेहरा बघत नाही, वरचे सहा दात बघतो — अरे, हा तर माझा केनाइन! कौतुक सगळं डेंटिस्टचं. मी तळघरात, मेण आणि ब्रश घेऊन. हात असा स्थिर लागतो त्या कामाला की काय सांगू, केसाइतकी चूक झाली तर माणूस आयुष्यभर सफरचंद खाताना शिव्या घालतो. तर रिटायर झालो, आणि जीपी, आमची डॉक्टर, म्हणाली चाला. चाला म्हणजे कुठे? मी टेस्कोपर्यंत चालायला लागलो. एलिशेबा म्हणाली, रोज काहीतरी घेऊन येता, त्यापेक्षा रानात जा. म्हणून त्या वनात व्हॉलंटियर झालो. हेझलची झुडपं बुंध्याशी कापायची — कापली की जोमानं फुटतात, शेकडो वर्षांची पद्धत आहे — आणि चहाच्या सुट्टीत बिस्किटं खायची. बिस्किटांत मी सगळ्यांच्या पुढे होतो.

आणि तिथे एक दिवस — तुला सांगितलंय का मी हे? सांगितलं असेल. परत ऐक. डिसेंबर होता, दुपारी तीनलाच उजेड संपत आलेला, आणि झुडपामागून आवाज आला. भ्यॉक्. थांबून परत, भ्यॉक्. कुत्र्यासारखा, पण कुत्रा नाही. माझ्या हातातली करवत खाली पडली. साठ वर्षांपूर्वी, रोह्याच्या वर, आजोबांच्या घरामागच्या रानात ऐकलेला आवाज — भेकर! मी त्या वनाच्या वॉर्डनबाईंना म्हटलं, धिस इज भेकर. त्या म्हणाल्या, नाही, मंटजॅक. मी म्हटलं, तुमचं मंटजॅक असेल, आमचं भेकर आहे. आपल्याकडच्या भेकराचा, त्या भुंकणाऱ्या छोट्या हरणाचा, चिनी चुलतभाऊ तो, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कुणा लॉर्डानं हौसेनं आणून बागेत ठेवला, बागेतून तो निसटला, आणि इथलं हवामान मानवलं त्याला — आता सगळीकडे. लोक तक्रार करतात, फार झाले, आमचं सगळं खातात, कुणी बोलावलं होतं. मी मान डोलावतो. या विषयावर माझ्यासारख्यानं जरा जपूनच बोलावं.

रडलो मी तिथे, खरं सांगतो. आणि ज्याच्या आवाजानं रडलो त्यालाच मारायला शिकलो. असा माणूस आहे मी. लिही तुझ्या फॉर्मवर.

नाही, पण ऐक. मला कुणी ढकललं नाही. वॉर्डनबाईंनी मला कुंपण दाखवलं. वनाच्या मध्ये एक तुकडा आहे, आपल्या या घराएवढा, चहूबाजूंनी तारेची जाळी. आत हेझलचे फुटवे छातीपर्यंत, खाली ब्लूबेलची पानं दाट, काटेरी जाळ्या, त्यात पक्ष्यांची घरटी — आणि जाळीच्या बाहेर, एक पाऊल बाहेर, काही नाही. माती आणि खुंट. कापलेलं हेझल फुटायला बघतं, आणि फुटवा बोटभर झाला की भेकरं रात्रीत साफ करतात. ब्लूबेलच्या कळ्या साफ. काटेरी जाळ्या गेल्या की पक्षी गेले, झोपाळू उंदीर गेले — अरे हसू नकोस, डॉरमाऊस म्हणतात, अंगठ्याएवढा असतो, हिवाळाभर झोपतो, माझा आवडता प्राणी आहे तो, ध्येय म्हणून बघतो मी त्याच्याकडे. तर वॉर्डनबाई म्हणाल्या, लांडगे इथे होते, आपण मारून संपवले. लिंक्स नावाचं मोठं रानमांजरही संपवलं. आता ते काम कुणीतरी केलं पाहिजे, नाहीतर अख्ख्या वनाला जाळी घाला. मी म्हटलं, लांडग्याची जागा रिकामी आहे का? गुडघा दुखतो माझा, पण अर्ज करतो.

आई म्हणायची, रानभाजी खुडायची, उपटायची नाही. टाकळा असो, काही असो — प्रत्येक झुडपाचं थोडं घ्यायचं, मुळाला हात नाही, पहिलं जे दिसेल ते सोडायचं. एलिशेबा अजून तसंच करते. मार्चमध्ये तिथली रानलसूण आणते ना चटणीला, एका गड्ड्याचं एकच पान. तू खाल्ली आहेस ती चटणी, आणि वरून विचारलंस काका यात लसूण आहे का! तर मला वाटलं, हेही तेच आहे. दरवर्षी मोजदाद होते, किती आहेत, किती जन्मले, वनाला किती झेपतील, तेवढे ठेवायचे. संपवायचे नाहीत. खुडायचं. बोलायला सोपं आहे, लसणीच्या पानाला डोळे नसतात.

आणि दुसरं कारण खरं सांगू? मला वाटलं फुकट मटण मिळेल. हो! आता हसतोस. तुला आमचे नियम माहीत नाहीत म्हणून समजावतो — ज्या जनावराचे खूर दुभंगलेले आणि जे रवंथ करतं ते आम्हाला चालतं, कोशर. मी पुस्तकात बघितलं, हरणाचे खूर दुभंगलेले. हरीण रवंथ करतं. मला असा आनंद झाला की विचारू नकोस! इथे कोशर मटण आणायला गोल्डर्स ग्रीनला जावं लागतं, आणि माझ्या घरापासून वीस मिनिटांवर अख्खं वन कोशर रवंथ करत उभं! वर्षभर कोर्स केला. परीक्षा दिली. कागदी हरणावर गोळ्या मारल्या, जंतू ओळखले, जनावर साफ कसं करायचं ते शिकलो, रायफल घेतली, पोलादी कपाट भिंतीला ठोकलं — त्याच्या किल्ल्या कुठे असतात ते एलिशेबाला माहीत असता कामा नये असा कायदा आहे, चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात तिला माहीत नसलेली ती एकच गोष्ट. पास झालो. तिनं नवस बोलला होता, पास झाले तर मलीदा करीन. केला. एलियाहू हन्नाबीचं, आमच्या प्रेषिताचं, नाव घेऊन ताट भरलं, गोड पोहे, खोबरं, खजूर, पाच फळं — तू होतास की, तीन वाट्या खाल्ल्यास! त्या दिवशी तुम्ही सगळे गेल्यावर मी पाय पसरून म्हटलं, एलिशेबा, आता डिसेंबरपासून घरचं कोशर. ती ताट धूत होती. मागे वळलीसुद्धा नाही. म्हणाली, ‘आणि मान कोण कापणार? गोळी?’

अरे देवा.

लहान पोराला ठाऊक असतं रे ते आमच्यात! जनावर कोशर असून भागत नाही, ते जिवंत, धडधाकट असताना धारदार सुरीनं, एका दमात, नियम शिकलेल्या माणसानं कापलेलं असावं लागतं. गोळीनं मेलेलं जनावर म्हणजे आम्हाला मेलेलं कुत्रं. आणि हे मला माहीत होतं! ज्याचा सख्खा काका ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये पन्नास वर्षं कोंबड्या कापत होता त्याला माहीत नसेल? पण डोक्यात दोन गोष्टी दोन खोल्यांत बसलेल्या, मधलं दार कुणी उघडलंच नाही. वर्षभर! गुडघे टेकून कागदी हरणं मारली वर्षभर.

तर पाच वर्षं झाली आणि मी माझ्या हातचा एक घास खाल्लेला नाही. ते मटण घरात येतच नाही, मागच्या शेडमधल्या फ्रीझरमध्ये जातं. एलिशेबा त्या फ्रीझरला ‘तुमचं ते’ म्हणते. मग ब्रॅकनेलहून गिरीश येतो कूलबॉक्स घेऊन — नागपूरचा गिरीश रे, मंडळाच्या गणपतीत ढोल वाजवतो तो. काका, भेकर आहे का? आहे. तो सावजी रस्सा करतो, काळा, वर बोटभर तेल, आणि अर्धं ऑफिस जमवतो. मला बोलावतो. मी जातो, आणि वास घेत बसतो. वासाला मनाई नाही. बाकीचे नाक पुसत जेवतात आणि मी दही-भात. एकदा त्याच्या ऑफिसातला एक मुलगा म्हणाला, काका, तुम्ही व्हेजिटेरियन असून शिकार करता? हो म्हटलं. सोपं पडतं.

मग सोडलं का नाही, असं विचार ना. विचारत नाहीस, पण चेहऱ्यावर आहे. सांगतो. तिसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये वॉर्डनबाईंनी फोन केला, या बघायला. जाळीच्या बाहेर ब्लूबेल आले होते. थोडे, लाजत लाजत, पण बाहेर. हेझल कमरेपर्यंत आलं होतं. आणि त्यांनी सगळ्या व्हॉलंटियरना सांगितलं, धिस इज गिडियन्स डूइंग. उल्हास, चाळीस वर्षं मी तळघरात होतो. मला कुणी असं नाव घेऊन कधी म्हटलं नव्हतं. तिथे सगळे गोरे, पिढ्यान्‌पिढ्या त्या गावचे, आणि ते मला विचारतात — गिडियन, यंदा किती आहेत? गिडियन, कुठून शिरतात? ‘अवर स्टॉकर’ म्हणतात मला, आमचा शिकारी. अवर! फार आवडतं रे मला ते. या वयात एवढं आवडू नये, पण आवडतं. म्हणून म्हणतो ‘नाही’ लिही आणि संपव.

काय? हात? कुठला हात? — हा होय. खिशात आहे, थंडी आहे म्हणून. बरं, हीटिंग चालू आहे, तरी मला वाजते थंडी. हा घे, बघ. बघितलास? काही नाही. — हां, हे जरा. अंगठा आणि पहिलं बोट, असं आपापलं चालू असतं, लाडू वळल्यासारखं. अदृश्य लाडू. गॅब्रिएला, आमची मुलगी, म्हणाली, डॅडी, काय मोजताय? म्हटलं, तुझी पापं. हसली, विसरली. आणि गंमत म्हणजे हात कामाला लावला की थांबतं! म्हणजे थांबायचं. ख्रिसमसपर्यंत थांबायचं. म्हणजे ते काही नाही. जीपीकडे गेलो असतो, पण तिथे गेलं की ती कॉम्प्युटरवर टाइप करते, आणि माझ्या नावापुढे बंदुकीची खूण आहे तिच्या कॉम्प्युटरवर, मग ती कळवणार पोलिसांना — म्हणून मी जात नाही, आणि जात नाही म्हणून मला काही झालेलं नाही. साधा हिशेब आहे. कवळ्या करणाऱ्याचा हात आहे हा, जरा दमला असेल.

आता तू त्या चहाकडे बघू नकोस. कप काठोकाठ भरला होता, सांगितलं ना.

फेब्रुवारीत काय झालं ते तुला कुणी सांगितलं? नाही? मग तू सातव्या प्रश्नावर अडून का बसलायस? माझ्याकडे बघूनच? बरं. मग ऐकच आता. मी वॉर्डनबाईंना सांगितलंय की फांदी मध्ये आली. गोळी फांदीला घासली आणि वळली. होतं असं, त्याही म्हणाल्या, इट हॅपन्स, गिडियन. आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात अजून जात नाही पाठीवरून.

फांदी नव्हती. मोकळी वाट होती. सकाळी सात, दव गोठलेलं, सगळं पांढरं, आणि वाटेवर ते आलं. मादी. साठ पावलांवर, आडवी उभी, मागे मातीचा उतार — जसं शिकवतात तसंच, परीक्षेतलं चित्र. आता भेकराच्या मादीचा एक नियम आहे. तिला बारा महिने पिल्लं होतात, ऋतू नाही, त्यामुळे मारायची तर एकतर कोवळी, वयात न आलेली, नाहीतर पोट टरारून दिसतंय अशी, भरलेली. म्हणजे मागे दूध पिणारं पिल्लू उरत नाही, एकटं मरायला. हो, भयानक आहे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीही तुझ्यासारखाच चेहरा केला होता. पण तो दयेचाच नियम आहे, विचार केलास तर कळेल. म्हणून आधी बघायचं, नीट, दुर्बिणीतून, पोट बघायचं, सड बघायचे, शंका आली तर चापावरचं बोट उचलायचं आणि घरी जायचं. मी बघितलं. बघितलं म्हणजे — दुर्बीण हलत होती. जरा. मला पोट भरलेलं वाटलं. मला वाटलं. आणि मनात काय होतं सांगू? महिनाभरात एकही मिळालं नव्हतं, आणि शनिवारी मीटिंग होती, आणि वॉर्डनबाई विचारणार, गिडियन, किती? मचाणाच्या रेलिंगवर हात टेकला. लाडू वळणं थांबेना. थांबेल म्हणून थांबलो, एक श्वास, दोन श्वास, आणि मग थांबल्यासारखं वाटलं.

गोळी मागच्या मांडीत लागली.

ओरडलं रे ते. भुंकलं नाही, ओरडलं. तो आवाज मी रोह्याला कधी ऐकला नव्हता.

तीन पायांवर काटेरी जाळीत शिरलं. नियम असा की मागे धावायचं नाही, जागा लक्षात ठेवायची आणि फोन करायचा. फोन केला. वॉर्डनबाई कुत्रं घेऊन आल्या, माग काढणारं. दोन तास लागले. दोन तास, उल्हास! मी तिथे उभा, बर्फात, दोन्ही हात खिशात. सापडलं तेव्हा जिवंत होतं. त्यांनी संपवलं, मला म्हणाल्या तुम्ही राहू द्या. मग उलटं केलं, तर पोटात काही नव्हतं. सड दुधानं भरलेले.

म्हणजे कुठेतरी एक होतं. एवढंसं असतं, दोन तळहातांत मावेल, अंगावर ठिपके. आई येईपर्यंत हलत नाही, जिथे ठेवलं तिथे बसून राहतं. तीन दिवस सकाळी गेलो मी. एलिशेबाला सांगितलं, मोजणी आहे. जाळ्या उचकटल्या, हे बघ हातावर अजून काटे आहेत. बसून ऐकलं. काही ऐकू आलं नाही. नाही सापडलं.

त्यानंतर मी गेलो पाच-सहा वेळा मचाणावर, पण रायफल रिकामी. गोळ्या खिशात. बसतो, थरमासमधला कोरा चहा पितो, अर्धा पँटवर सांडतो, आणि घरी येऊन म्हणतो, काही दिसलं नाही. वॉर्डनबाई म्हणतात, यंदा फारच लाजाळू झालीत. त्यांचं हेझल परत खुडलं जातंय तिथे, वरून खाली. आणि ‘अवर स्टॉकर’ मचाणावर बसून राहिलाय, जागा अडवून. दुसरा कुणी शिकायला तयार आहे, एक शाळामास्तरीण आहे, तरुण, हात दगडासारखा. तिला जागा नाही, कारण जागेवर मी आहे. हे कुणाला माहीत नाही. तुला आत्ता कळलं, आणि तुला सांगायचं नव्हतं मला. तू चहा का घेत नाहीस रे? गप्प बसणाऱ्या माणसासमोर माझं असं होतं. डेंटिस्टांचं बरं असतं, समोरच्याचं तोंड उघडं असतं पण त्याला बोलता येत नाही. माझं उलटं झालंय.

एक गंमत सांगतो, म्हणजे विषय बदलेल. आमचा तो आरोनकाका, ठाण्याचा, कोंबड्या कापणारा. काय त्याचा थाट! सुरीला दाढीच्या वस्तऱ्यासारखी धार, आणि प्रत्येक कोंबडीच्या आधी ती सुरी नखावरून फिरवायचा, अशी, हळू, या टोकापासून त्या टोकापर्यंत. धारेत कुसळाएवढी खाच नखाला लागली तरी बाजूला ठेवायचा, परत दगडावर. आम्ही पोरं त्याची नक्कल करायचो, जेवताना चमचा नखावर फिरवायचो. आई मारायची. सणाच्या आदल्या दिवशी बायकांची रांग लागायची अंगणात, प्रत्येकीच्या काखेत कोंबडी, गोंगाट, पिसं, आणि काका मधोमध, राजासारखा. पन्नास वर्षं. तर एका वर्षी, मी बारा-तेरा वर्षांचा असेन, रांगेत आईबरोबर उभा होतो. काकानं सुरी नखावर ठेवली. फिरवली. थांबला. परत ठेवली. सुरीला खाच नव्हती, सुरी चांगली होती. आम्ही बघतोय, नखावर सुरी अशी किंचित — टिकटिक, टिकटिक. तिसऱ्यांदा ठेवली. मग फडक्यानं पुसली, लाकडी पेटीत ठेवली, झाकण लावलं, आणि म्हणाला, बायांनो, आज नाही. आजपासून नाही. ज्याचा हात हलतो त्यानं कापायचं नाही, असा नियमच आहे आमच्यात. पण सण दुसऱ्या दिवशी! अंगणात वीस कोंबड्या! सगळ्या बायका ओरडल्या, काका, एवढ्या हलण्यानं काय होतंय, मुंबईहून दुसरा हझान, कापणारा, कधी येणार, आणि कुणाला दिसलंय? आणि काका म्हणाला —

काका म्हणाला, कोंबडीला कळेल.

…

हे मी गंमत म्हणून सांगत होतो.

त्याला कुणी सांगितलं नव्हतं रे. डॉक्टरनं नाही, पोलिसांनी नाही, रेफरी तर नव्हताच. त्यानं स्वतःच ठेवली सुरी. आणि त्यानंतर अकरा वर्षं जगला, सिनेगॉगच्या पायरीवर बसून पोरांना सुरी धरायला शिकवत. ओरडायचा त्यांच्यावर. मजेत होता. आम्हाला वाटायचं बिचारा. तो बिचारा नव्हता.

उघड तो लॅपटॉप. उघड म्हणतो ना. सातवा प्रश्न. ‘हो’ लिही. खाली जागा आहे ना, लिही — अर्जदाराचा उजवा हात हलतो. एवढंच लिही, शोभा करू नकोस, तुम्ही पुण्याचे लोक परिच्छेद लिहिता. फांदीचं लिहू नकोस. फांदीचं मी स्वतः जाऊन सांगतो वॉर्डनबाईंना, उद्या सकाळी, जीपीच्या आधी. आणि ती मास्तरीण आहे, तिला वनाच्या वाटा दाखवाव्या लागतील, मादी कशी ओळखायची ते दाखवावं लागेल, दुर्बीण हलली तर बोट उचल म्हणून ओरडावं लागेल. ओरडायला हात लागत नाही. आणि हेझल कापता येतं मला अजून. करवतीला हललेलं चालतं, तिचं कामच ते. गिरीशला सांग, फ्रीझरमध्ये आहे तेवढं शेवटचं, येऊन घेऊन जा. नाहीतर नको, मीच सांगतो.

पाठवलंस? दाखव. — बरं. झालं.

आता जा तू. ती येईल पंधरा मिनिटांत, आणि मला तिच्याशी बोलायचंय, दोघांतच. दार ओढून घे जाताना. — अरे, अरे, ते काय करतोस? ठेव तो किचन रोल खाली. पुसू नकोस चहा. राहू दे तसाच. तिला दिसू दे.